सारथ्यावांचून चालणारी मोटार आणि तिचा दूरस्थ साहाय्यक

सारथ्यावांचून रथ ही एके काळीं केवळ कथापुराणांत शोभणारी कल्पना होती. आज ती अमेरिकेंतील कांहीं शहरांत नित्याच्या व्यवहारांतली गोष्ट झाली आहे. फीनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, ऑस्टिन, अटलांटा इत्यादि ठिकाणीं भाड्याची मोटार बोलावल्या जागीं येऊन उभी राहते, उतारू मागें बसतो, आणि पुढच्या आसनावर कोणीहि नसतां गाडीचें चक्र आपोआप फिरूं लागतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें वा नातवंडें नोकरी-शिक्षणानिमित्त त्या देशांत राहतात. त्यांनीं पाठविलेल्या चित्रफिती पाहून घरांतील वडील माणसें प्रथम आश्चर्य करितात, आणि मग हटकून एकच प्रश्न विचारतात : "पण वाटेंत अडली तर?" हा प्रश्न भाबडा नाहीं. साऱ्या विषयाचें मर्म त्यांतच सांठविलेलें आहे. कारण अडलेली गाडी माणसालाच विचारते. तो माणूस कोण, तो काय करितो, त्याला किती वेळां विचारावें लागतें, आणि त्याचें उत्तर चुकलें तर जबाब कोणीं द्यावयाचा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम यंत्राचें श्रेय यंत्राला देऊं. गूगल कंपनीनें हा उद्योग २००९ सालीं आरंभिला. २०१६ च्या डिसेंबरांत त्याचीच 'वेमो' नांवाची निराळी कंपनी झाली, आणि २०२० च्या ऑक्टोबरांत ॲरिझोना संस्थानांतील फीनिक्स शहराच्या परिसरांत तिची चालक नसलेली टॅक्सी सर्वसाधारण लोकांस खुली झाली. कॅमेरे, रडार आणि लेझर किरणांनीं अंतर मोजणारें लायडार हे या गाडीचे डोळे होत. त्यांनीं पाहिलेल्यावरून ब्रेक लावणें, वळणें, पादचाऱ्यास वाट देणें हीं सर्व कामें गाडींतील संगणकच करितो. येथें दूरच्या माणसाचा उपयोगच नाहीं. ताशीं ३० मैल वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत ४४ फूट पुढें जाते. एकादें मूल आडवें धांवून आलें, तर त्याचें चित्र दूरच्या खोलींत जावें, तेथील माणसानें तें पाहून विचार करावा, आणि त्याची आज्ञा परत यावी, एवढी सवड कोठून मिळणार? म्हणून कोठेंतरी बसलेला कोणी माणूस खेळण्यासारखी ही मोटार हांकीत असतो, अशी जी समजूत कांहीं लोकांची आहे, ती खरी नाहीं. त्याचप्रमाणें या गाडीला माणसाची गरजच उरली नाहीं, ही दुसरी समजूतहि खरी नाहीं.

गरज कोठें लागते तें पाहूं. रस्त्याचें काम चालू असून खुणेचे शंकू वेडेवांकडे मांडलेले आहेत. पोलीस शिपाई हाताच्या इशाऱ्यानें वाहनें वळवीत आहे. आगीचा बंब आडवा उभा आहे. पुढची मालमोटार माल उतरवीत आहे, आणि ती लवकर हलेल कीं तिला वळसा घालावा, याचा उमज पडत नाहीं. असे प्रसंग नियमांच्या पुस्तकांत पुरते बसत नाहींत. अशा वेळीं गाडी वेग कमी करिते किंवा थांबते आणि आपली शंका दूरच्या साहाय्यकाकडे पाठविते. त्याच्या पडद्यावर कॅमेऱ्यांचीं चित्रें आणि गाडीनें स्वतः मांडलेला भोवतालचा आराखडा उमटतो. शंका बहुधा एका वाक्याची असते : 'पुढचा रस्ता बंद आहे काय?' साहाय्यक होय किंवा नाहीं म्हणतो, अथवा अमुक बाजूनें जावें अशी वाट सुचवितो. वेमो कंपनीनें २०२४ च्या मे महिन्यांत या व्यवस्थेचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील मुख्य मुद्दा असा कीं, साहाय्यक गाडी चालवीत नाहीं. तो माहिती पुरवितो, आणि ती स्वीकारावी कीं नाकारावी हें गाडीच ठरविते.

तज्ज्ञ लोक यास दूरसाहाय्य म्हणतात, आणि दूरचालन त्याहून वेगळें मानतात. दूरचालनांत दूरचा माणूस खरोखरच चक्र व ब्रेक आपल्या हातीं घेतो. 'व्हे' नांवाच्या जर्मन कंपनीनें २०२४ च्या जानेवारींत लास व्हेगस येथें असा व्यवसाय सुरू केला. तेथें भाड्याची मोटार दूरचा चालक गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत आणून पोंचवितो, आणि पुढें गिऱ्हाईक ती स्वतः चालवितें. या दोन कामांत अंतर मोठें आहे, आणि टीका करणाऱ्यांनीं व जाहिरात करणाऱ्यांनीं दोघांनींहि तें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

संस्कृतांत सारथि हा शब्द 'सरथ', म्हणजे रथासहित असणारा, यावरून साधितात. रथ उलथला तर त्याच्याबरोबर सारथिहि उलथावयाचा, हें त्या शब्दाच्या पोटांतच आहे. दूरसाहाय्यकास हा शब्द लावितां येत नाहीं. त्याला उपमा द्यावयाची तर संजयाची द्यावी. संजयहि सूतकुळांतलाच, परंतु प्रसिद्ध कथेप्रमाणें युद्धकाळीं तो धृतराष्ट्रापाशीं बसून दुरूनच सारें पाहत होता. फरक एवढाच कीं, संजयाकडे केवळ सांगण्याचें काम होतें. आजच्या या संजयानें 'होय' म्हटलें म्हणजे रणांगणावरचा रथ पुढें सरकतो, आणि तो स्वतः मात्र हजारों कोस दूर सुरक्षित असतो. बहुतेक सर्व वादाचें मूळ येथें आहे.

आतां असें साहाय्य किती वेळां लागतें? या प्रश्नाचें स्पष्ट उत्तर लोकांपुढें आलें तें एका अपघातानंतर. जनरल मोटर्सच्या मालकीची 'क्रूझ' ही वेमोची प्रतिस्पर्धी कंपनी होती. १० ऑगस्ट २०२३ रोजीं कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळानें दोन्ही कंपन्यांस सॅन फ्रान्सिस्को शहरांत अहोरात्र भाड्यानें टॅक्सी चालविण्याची मुभा दिली. पुढें दोन महिने होण्याच्या आंतच, २ ऑक्टोबरच्या रात्रीं, माणूस चालवीत असलेल्या एका मोटारीची एका पादचारी स्त्रीस धडक बसून ती क्रूझच्या गाडीपुढें फेकली गेली. गाडीनें ब्रेक लावला, तरी ती तिच्यावर आदळली. त्यानंतर रस्त्याच्या कडेला जाऊन थांबण्याचा आपला धडा गिरविण्यासाठीं ती गाडी पुन्हा चालूं लागली, आणि ती बिचारी स्त्री गाडीखालीं सुमारें २० फूट फरफटली. २४ ऑक्टोबर रोजीं मोटार-खात्यानें कंपनीचे परवाने स्थगित केले.

मग वर्तमानपत्रांनीं कंपनीचा आंतला कारभार तपासावयास आरंभ केला. नोव्हेंबरच्या प्रारंभीं 'न्यूयॉर्क टाइम्स'नें लिहिलें कीं, क्रूझच्या गाड्यांना दर अडीच ते पांच मैलांस माणसाचें साहाय्य लागतें. त्यावर कंपनीचे तेव्हांचे प्रमुख काइल व्होग्ट यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, शहरांतील गुंतागुंतीच्या रस्त्यांवर गाडी चालण्याच्या एकंदर वेळापैकीं शेंकडा २ ते ४ इतका वेळ साहाय्य चालू असतें. कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणें दर चार-पांच मैलांस एकदां हांक जात असे, आणि १५ ते २० गाड्यांमागें एक साहाय्यक पुरत असे.

या आंकड्यांचा अर्थ शांतपणें लाविला पाहिजे. शेंकडा २ ते ४ म्हणजे तासांतून सव्वा ते अडीच मिनिटें. उरलेला सर्व वेळ यंत्र आपल्या पायांवर उभें असतें, ही गोष्ट लहान नाहीं. शिवाय व्होग्ट यांनीं असेंहि म्हटलें कीं, गाडी पुष्कळदां अडण्यापूर्वींच सावधगिरी म्हणून हांक मारते, आणि माणूस लक्ष घालीपर्यंत तिची अडचण तिनें स्वतःच निस्तरलेली असते. हें सारें मान्य केलें तरी एक प्रश्न उरतोच : इतकें सयुक्तिक उत्तर जवळ होतें, तर तें लोकांनीं विचारण्याआधीं कां दिलें नाहीं? लोकांच्या मनास लागला तो आंकड्याचा आकार नव्हे; तो इतके दिवस पेटींत कां होता, हें त्यांस लागलें. अपघाताच्या बाबतींतहि तेंच घडलें होतें. स्त्री फरफटली गेल्याची हकीकत सरकारी अहवालांत नीट न दिल्याबद्दल २०२४ सालीं कंपनीस दोन वेळां दंड झाला. सप्टेंबरांत १५ लक्ष डॉलर, आणि नोव्हेंबरांत खोटा अहवाल दिल्याचें कबूल करून आणखी ५ लक्ष डॉलर. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जनरल मोटर्सनें या टॅक्सी-व्यवसायास पैसा पुरविणें बंद केलें.

तथापि माणूस मागें आहे म्हणजे सर्व निर्धास्त झालें, असेंहि नाहीं. २०२४ च्या जानेवारींत सॅन फ्रान्सिस्को येथें वेमोची एक गाडी तांबड्या दिव्यापाशीं उभी होती. दूरच्या साहाय्यकानें दिव्याकडे नीट लक्ष न देतां तिला पुढें जाण्यास सांगितलें, आणि ती पुढें गेली. आडव्या रस्त्यानें आलेला एक मोपेडस्वार तिला पाहून तोल जाऊन पडला व घसरत गेला. सुदैवानें त्याची व गाडीची टक्कर झाली नाहीं. येथें चूक यंत्राची नव्हती, माणसाची होती. आणि या चुकीचें कारणहि समजण्यासारखें आहे. रस्त्यावरचा चालक मागील दहा मिनिटें काय घडत आलें हें जाणून असतो. साहाय्यकास मात्र एका गाडींतून दुसरींत, एका चौकांतून दुसऱ्या चौकांत, क्षणार्धांत उतरावें लागतें, आणि उतरल्याबरोबर निर्णय द्यावा लागतो.

लिझान बेनब्रिज या इंग्रज विदुषीनें १९८३ सालींच एका सुप्रसिद्ध निबंधांत दाखवून दिलें होतें कीं, काम जों जों यंत्राकडे जावें तों तों माणसाकडे उरलेलें काम अधिक अवघड होत जातें. सोपें तेवढें यंत्र उचलतें आणि कठीण तेवढें माणसासाठीं ठेवितें. आणि नित्याचा सराव तुटल्यामुळें तें कठीण काम करण्याची त्याची तयारीहि कमी होत जाते. तो निबंध कारखाने व विमानें यांस अनुलक्षून होता. परंतु दूरसाहाय्यकाच्या खोलीस तो जसाच्या तसा लागू पडतो.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. शिक्षकाच्या धंद्यांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं, म्हणून आम्हांस वर्गाचाच दाखला सुचतो. चाळीस मुलांस एक शिक्षक पुरतो, कारण सर्वांस एकाच क्षणीं शंका येत नाहीं. एकाचा हात वर होतो, त्याचें समाधान होतें, मग दुसऱ्याचा होतो. परंतु गणितच असें निघालें कीं चाळीसहि मुलांनीं एकदम हात वर केले, तर शिक्षक तोच, मुलें तींच, आणि तरी वर्ग जागच्या जागीं थबकतो. थोड्या साहाय्यकांवर पुष्कळ गाड्या सोंपविण्याचा हिशोब याच गृहीतावर उभा आहे कीं, गाड्यांच्या अडचणी वेगवेगळ्या वेळीं येतील.

२० डिसेंबर २०२५ रोजीं तें गृहीत कोसळलें. सॅन फ्रान्सिस्को येथें एका वीजकेंद्रास आग लागून सुमारें १,३०,००० ग्राहकांची वीज गेली, आणि चौकाचौकांतील सिग्नलचे दिवे विझले. तेथील नियम असा कीं, दिवा बंद असेल तर प्रत्येक वाहनानें थांबावें आणि पाळीपाळीनें पुढें जावें. वेमोच्या गाड्यांस हा नियम शिकविलेला होता. त्या दिवशीं त्यांनीं असे ७,००० हून अधिक बंद दिवे ओलांडले, असें कंपनीनें मागाहून सांगितलें. परंतु कांहीं ठिकाणीं 'जाऊं ना?' अशी खात्री करून घेण्याकरितां त्या साहाय्यकाकडे विचारणा करीत. एरवीं ही सावधगिरी शोभली असती. त्या दिवशीं मात्र सर्व शहरांतून एकाच वेळीं हांका आल्या, उत्तरांस विलंब लागला, आणि उत्तराची वाट पाहत गाड्या चौकांतच उभ्या राहिल्या. आधींच खोळंबलेल्या रस्त्यांवर त्यांची भर पडली. शेवटीं कंपनीस सेवा कांहीं काळ थांबवावी लागली. वीज गेल्याची वार्ता गाड्यांनाच आधीं कळावी व त्यांनीं अशा चौकांत अधिक निश्चयानें पुढें जावें, अशी सुधारणा कंपनीनें त्यानंतर हातीं घेतली.

त्या दिवशीं केवळ दिवे गेले होते. परंतु सॅन फ्रान्सिस्को हें १९०६ आणि १९८९ सालचे भूकंप सोसलेलें शहर आहे. उद्यां तेथें भूकंप झाला, दूरध्वनीचे मनोरेहि बंद पडले, आणि आगीचे बंब व रुग्णवाहिका रस्त्यावर निघाल्या, तर उत्तराची वाट पाहत उभी असलेली प्रत्येक गाडी कोणाच्या तरी प्राणाच्या वाटेंत उभी असेल. ही भीति हवेंतली नाहीं. बिनचालकाच्या गाड्या आपल्या कामांत आडव्या येतात अशी तक्रार तेथील अग्निशामक दल २०२३ सालींच करीत होतें. म्हणून साहाय्याची व्यवस्था रोजच्या दिवशीं पुरते कीं नाहीं, एवढेंच पाहून भागत नाहीं. सर्वांत वाईट दिवशीं ती पुरेल काय, हें पाहिलें पाहिजे.

साहाय्यक कोठें बसतो, हा प्रश्न २०२६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या सीनेटपुढें निघाला. वेमोच्या अधिकाऱ्यानें साक्ष देतांना सांगितलें कीं, कांहीं साहाय्यक फिलिपाईन्स देशांत आहेत. त्यावरून तेथें मोठा गहजब झाला. आम्हां भारतीयांस त्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. पुणें-मुंबईकडील कितीतरी तरुण रात्रपाळीस बसून अमेरिकेच्या दूरध्वनींना उत्तरें देत आले आहेत, आणि तें काम त्यांनीं चोख केलें आहे. परदेशांतला मनुष्य कमी बुद्धीचा असतो, असें कोणीं सुचवीत असेल तर तें सर्वथा त्याज्य आहे. परंतु दूरध्वनीवर चुकीचें उत्तर गेलें तर फार तर बिलाचा घोंटाळा होतो. येथें चुकीचें उत्तर गेलें तर चौकांतला माणूस पडतो. तेव्हां त्या साहाय्यकास कोणतें शिक्षण दिलें, सलग किती तास बसविलें, त्याच्या हुकमाखालीं किती गाड्या दिल्या, आणि चूक झाल्यास कायद्यापुढें कोणीं उभें राहावयाचें, हें विचारण्याचा त्या शहरांतील लोकांस पूर्ण अधिकार आहे.

कांहीं देशांनीं हा प्रश्न कायद्यानेंच सोडविण्याचा यत्न केला आहे. जर्मनीनें २०२१ सालीं केलेल्या कायद्यांत अशा गाडीवर 'तांत्रिक देखरेख' ठेवणारी व्यक्ति असलीच पाहिजे असें ठरविलें. गाडीनें सुचविलेली हालचाल मंजूर करणें व जरूर पडल्यास गाडीची स्वयंचलित व्यवस्था बंद करणें, हीं तिचीं कर्तव्यें सांगितलीं. जपानांत १ एप्रिल २०२३ पासून नवा कायदा अंमलांत आला, आणि त्याखालीं पहिली बिनचालकाची सेवा फुकुई प्रांतांतील एइहेइजी या मठाच्या गांवीं निघाली. जुन्या आगगाडीच्या मार्गावर सुमारें २ किलोमीटर, वेग ताशीं १२ किलोमीटर, आणि दुरून लक्ष ठेवणारा एक माणूस, असा तो साधा थाट आहे. कोणी त्यास हंसेल. परंतु देखरेख करणारा मनुष्य तेथें लपविलेला नाहीं. कायद्यानें त्याला जागा दिली आहे. आमच्या मतें सुधारणेची खरी दिशा ही होय.

यंत्राचें अंतरंग झांकण्याची हौस कांहीं आजची नव्हे. भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथांत यंत्रांविषयीं एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत यंत्रांच्या करामती वर्णिल्या असून त्यांची घडण पुरती सांगितलेली नाहीं, आणि हें गुप्ततेसाठीं केलें, असें तेथेंच स्पष्ट केलें आहे. युरोपांत १७७० सालीं फॉन केम्पेलेन यानें बुद्धिबळें खेळणारा यांत्रिक तुर्क व्हिएन्नाच्या दरबारांत मांडला. त्या पेटींत एक खेळाडू दडलेला असे, आणि पुढें कित्येक दशकें लोक त्या यंत्राच्या बुद्धीची वाखाणणी करीत राहिले. आजच्या मोटारीस त्या तुर्काच्या पंक्तीस बसविणें अन्यायाचें होईल. तुर्क स्वतः कांहींच खेळत नव्हता. ही मोटार खरोखरच चालते. परंतु जी थोडी मदत ती माणसाची घेते ती झांकून ठेविली, म्हणजे तिच्या खऱ्या पराक्रमावरहि तुर्काची सांवली पडते. आणि दरबारांतली करमणूक गुप्त ठेवणें वेगळें. सार्वजनिक रस्त्यावरची व्यवस्था गुप्त ठेवणें वेगळें.

म्हणून आमच्या वाचकांचीं जीं मुलेंबाळें त्या शहरांत नागरिक किंवा रहिवासी म्हणून राहतात, त्यांनीं या गाडींत बसावें कीं बसूं नये हें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांनीं तीन गोष्टी मात्र आपल्या नगरपालिकेस व प्रतिनिधींस विचारीत राहावें. पहिली : दर हजार मैलांस किती वेळां माणसाला विचारावें लागतें, हा आंकडा प्रत्येक कंपनी ठराविक मुदतीनें प्रसिद्ध करिते काय? दुसरी : सर्व गाड्यांनीं एकदम हांक मारली तर काय व्हावयाचें, याची रंगीत तालीम कोणीं सरकारी अधिकाऱ्यासमक्ष केली आहे काय? तिसरी : साहाय्यकाच्या उत्तरानें अपघात झाला तर कायद्यापुढें उत्तरदायी कोण? हे प्रश्न विचारण्यास इंजिनिअर असावें लागत नाहीं. हे प्रश्न ज्यांनीं आधीं विचारले त्यांस पुढें रडत बसावें लागत नाहीं, इतकें व्यवहारज्ञान प्रत्येक घरांत असतें.

यंत्र अडलें असतां माणसाला विचारतें, यांत आम्हांस त्याचा कमीपणा वाटत नाहीं. न समजलेलें विचारणारा विद्यार्थी आम्हीं नेहमींच न विचारणाऱ्याहून बरा मानिला. परंतु ज्याला विचारलें त्याची गणना हिशोबांत झाली पाहिजे, त्याच्या श्रमाचा उल्लेख झाला पाहिजे, आणि त्याच्या शब्दाची जबाबदारी कोणीतरी उघडपणें शिरावर घेतली पाहिजे. तोंवर या मोटारीस 'बिनचालकाची' म्हणण्यापेक्षां 'दुरून साहाय्य घेणारी' म्हणणें अधिक सत्यास धरून होईल.